पार्किंगमधल्या सायकली, रिकामे हात : जुन्या सायकलींचं प्रशिक्षण-वर्कशॉप कसं सुरू करायचं

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. शेवटच्या खांबामागे पाच-सहा सायकली एकमेकींत अडकून उभ्या दिसतील. टायर बसलेले, चेनला लाल गंज, सीटवर बोटभर धूळ. कुणाचा मुलगा बेंगळुरूला गेला, कुणी स्कूटर घेतली, कुणाची मुलगी सायकलीपेक्षा उंच झाली. त्याच सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारे काका रोज चार किलोमीटर चालत येतात, आणि त्यांचा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून दोन वर्षं घरी बसून आहे. सायकल, ती हवी असलेला माणूस आणि काम हवं असलेला हात, तिघेही एका गेटच्या आत-बाहेर आहेत. त्यांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे हे वर्कशॉप.

पर्वतीच्या पायथ्याशी १२ बाय २० फुटांच्या गाळ्यात आम्ही हे काम गेली काही वर्षं करतोय. ज्यांना आपल्या गावात असं काही सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. दुकान आणि शाळा एकाच गाळ्यात चालतात तेव्हा त्यांची रोज ओढाताण होते. ग्राहक दारात ताटकळत असतो आणि मुलगा तिसऱ्यांदा चाकाच्या आसावरचा तोच कोन, म्हणजे शंकूसारखा नट, चुकीचा बसवत असतो. अशा वेळी पाना त्याच्या हातातून काढून घेतला, तर ग्राहक पाच मिनिटांत मार्गी लागतो, पण मुलगा होता तिथेच राहतो. खालची जवळजवळ प्रत्येक पायरी तो पाना त्याच्याच हातात राहावा म्हणून आहे.

पायरी १ : गाळ्याच्या आधी मेस्त्री शोधा

नवे लोक आधी जागा बघतात, लोगो करून घेतात, निधीसाठी पत्रं लिहितात. मेस्त्री मात्र शेवटी, मिळेल तो. क्रम उलटा हवा. तीस-चाळीस वर्षं रस्त्याकडेला सायकली दुरुस्त केलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. अनेकांचा धंदा मोटरसायकल आल्यावर बसला. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्या अभ्यासक्रमात सापडत नाही.

पण चांगला कारागीर चांगला शिकवणारा असेलच असं नाही. निवडताना मी एकच परीक्षा घेते. एखाद्या नवख्या मुलाला त्यांच्यासमोर पंक्चर काढायला बसवते आणि गप्प राहते. मुलगा चुकतो तेव्हा जे मेस्त्री "सोड, मी करतो" म्हणतात त्यांना मी नमस्कार करून परत पाठवते. जे दोन्ही हात मागे बांधून उभे राहतात आणि "आता आतून बोट फिरवून बघ" एवढंच म्हणतात, त्यांना पगार विचारते. पगार मानाचा द्या. वर्कशॉपमधला सर्वांत मोठा खर्च तोच असणार आणि तो तसाच असायला हवा.

तुम्हाला स्वतःला सायकलीतलं काही येत नसेल तर आधी दोन-तीन महिने कुणाच्या तरी दुकानात बसा. मुलांना तुमचे काळे झालेले हात दिसले पाहिजेत.

पायरी २ : जागा आणि हत्यारं

एका वेळी सहा मुलं शिकवायची असतील तर दोनशे-अडीचशे चौरस फूट पुरतात, पण त्याला लागून सायकली उभ्या करायला जागा हवी. छतापासून लोखंडी हुक लटकवले तर एका भिंतीवर दहा-बारा सायकली पुढच्या चाकाने टांगता येतात. पाणी, वीज, बाहेरून दिसणारा दर्शनी भाग आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. हे शेवटचं नसेल तर मुली येणार नाहीत, आणि का येत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगणारही नाही.

कॉम्प्रेसर, मशीन असलं काही सुरुवातीला लागत नाही. दोन उभे पंप, बाकाला घट्ट केलेला एक व्हाइस, ८ ते १७ मिलिमीटरच्या पान्यांचे तीन संच, कोनचे पातळ पाने, निप्पल चावी (चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, आवळायची), चेनची पिन काढायचं हत्यार, फ्रीव्हील (मागचं दातेरी चाक) काढायच्या चाव्या, क्रँक पुलर (पायडलचा दांडा ओढून काढायचा), ४-५-६ च्या ॲलन की, टायर काढायच्या पट्ट्या, हातोडी आणि लाकडी ठोकळा. सायकल अधांतरी धरणारा स्टँड बाजारातून महाग पडतो, जवळचा फॅब्रिकेटर पाइपचा करून देतो. जुने पण चांगल्या पोलादाचे पाने मला बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळाले आहेत. नवे सुटे भाग बोहरी आळी-रविवार पेठेच्या बाजूला.

भिंतीवर प्लाय ठोका, त्यावर खिळ्यांनी हत्यारं टांगा आणि प्रत्येकामागे त्याची आकृती रंगाने काढून ठेवा. संध्याकाळी जी आकृती रिकामी दिसेल ते हत्यार शोधायचं. सगळं जागेवर येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही, मीसुद्धा नाही. या एका सवयीमुळे आमच्या मुलांना पुढे गॅरेजमध्ये आणि कारखान्यात कामं मिळाली, असं मालकांनीच सांगितलं.

पायरी ३ : कागदपत्रं

इथे फार रमू नका, पण चुकवूही नका. संस्था म्हणून दोन वाटा आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट), किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. देणगीदाराला करसवलत द्यायची तर आयकर खात्याकडे नोंदणी (१९६१ च्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी), आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा. आधीच एखादी विश्वासू संस्था वस्तीत काम करत असेल तर पहिलं वर्ष तिच्या छत्राखाली काढा. स्वतःची संस्था नंतरही काढता येते.

दुकान म्हणून २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त सूचना द्यावी लागते, वीस झाले की नोंदणी (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती). जीएसटी नोंदणीची मर्यादा निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांची उलाढाल आहे, पण तुम्ही दुरुस्तीची सेवाही देणार, म्हणून २० लाखांवर नजर ठेवा. नोंदणी झालीच तर जुन्या मालासाठी नियम ३२(५) ची सोय आहे, कर खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर बसतो. सीएला हा नियम क्रमांकासकट विचारा, कारण जुन्या सायकलींचा हिशोब करणारे सीए कमी भेटतात.

वयाचं पक्कं ठेवा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, १४ ते १८ वयाला धोकादायक काम देता येत नाही. आम्ही १८ पूर्ण झालेल्यांनाच प्रशिक्षणाला घेतो. लहान भावंडं शनिवारी येतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

पायरी ४ : सायकली घेणं, आणि नको म्हणणं

पहिल्या वर्षीची आमची सर्वांत मोठी चूक हीच. एका मोठ्या सोसायटीने सगळं पार्किंग रिकामं केलं आणि आम्ही आनंदाने दोन टेम्पो भरून आणले. त्यात निम्म्याहून जास्त १४ आणि १६ इंची लहान मुलांच्या सायकली होत्या, बाजूच्या प्लॅस्टिक चाकांसकट. गाळा भरला, बोळ भरला, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या दादांशी भांडण झालं. मुलं दोन महिने शिकायचं सोडून सायकली इकडून तिकडे हलवत होती. तेव्हापासून महिन्याला किती सायकली दुरुस्त होतात ते मोजतो आणि त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाही. देणाऱ्याला "पुढच्या महिन्यात येतो" सांगितलं तर तो रागावत नाही. सायकल पाच वर्षं पडून होती, अजून एक महिना पडेल.

सोसायट्यांशी व्यवहार असा करा. सचिवांना पत्र द्या. ते नोटीस लावतात की आपली सायकल ठेवायची असेल त्यांनी पंधरा दिवसांत तिला नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. पंधरा दिवसांनी बिनचिठ्ठीच्या सायकलींची यादी होते, समितीच्या सहीचं दानपत्र मिळतं, मगच उचला. दिवाळीच्या साफसफाईआधी नोटीस लागली तर माल भरपूर निघतो. विक्री मात्र मे अखेर ते जूनमध्ये, शाळा उघडताना, सर्वांत जास्त होते. मधले महिने साठा सांभाळायचा, म्हणून हुक लागतात.

एकट्या माणसाकडून घेताना ओळखपत्राची प्रत, फोटो आणि फ्रेम नंबर हवाच. नंबर बहुतेक सायकलींवर पायडलच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो, रंग खरवडला की दिसतो. नंबर घासून काढलेला दिसला तर सायकल दारातूनच परत. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आले आणि टांगलेल्या सायकलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माझ्या मुलीची आहे." आम्ही रजिस्टर उघडलं. कुणी दिली, कधी दिली, सही, फोटो सगळं होतं. सायकल त्यांना त्याच दिवशी दिली आणि ते पान घेऊन पोलीस चौकीत गेलो. रजिस्टर नसतं तर मुलांच्या नावाला डाग लागला असता. वस्तीतल्या मुलांवर संशय घ्यायला लोकांना वेळ लागत नाही.

माल आला की त्याच दिवशी चिठ्ठी बांधा. हिरवी म्हणजे दुरुस्तीला, पिवळी म्हणजे सुटे भाग काढायला, लाल म्हणजे भंगार. आमच्याकडे दहातल्या चार-पाच हिरव्या निघतात. फ्रेम बघताना हँडलच्या नळीला खालचा पाइप मिळतो तो जोड आणि चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची) मान, या दोन जागी बोट फिरवा. रंगाला सुरकुती पडली असेल तर आत लोखंड वाकलंय किंवा तडकलंय. ती सायकल कितीही देखणी असो, लाल चिठ्ठी. स्वस्तातल्या सस्पेन्शनच्या गिअर सायकलींबद्दल माझं मत कडक आहे. त्यांच्यावर दोन दिवस जातात आणि महिन्याभरात परत येतात. त्यांची चाकं, ब्रेक, सीट काढून घ्या आणि बाकीचं वजनावर द्या. उलट जुनी काळी २८ इंची सायकल, रॉड ब्रेकवाली, हातची सोडू नका. शिकायला तिच्यासारखी गुरू नाही. सगळं उघडं, सगळं हाताने सुटणारं, आणि तिचा खरा ग्राहक अजून आहे. दूधवाले, पेपर टाकणारे, गेटवरचे काका.

पायरी ५ : कुणाला घ्यायचं आणि पैसे किती द्यायचे

जाहिरात देऊन मुलं येत नाहीत. अंगणवाडीताई, रात्रशाळेचे सर, महिला बचत गट, यांच्याकडून येतात. आम्ही मुलाखत घेत नाही, तीन दिवस नुसतं बसवतो. ज्याला हे जमणार नाही तो स्वतःच चौथ्या दिवशी येत नाही. राहतात त्यांच्याशी घरी जाऊन आईवडिलांसमोर बोलणं होतं. किती महिने, किती तास, हातात काय मिळणार.

विद्यावेतन पहिल्या दिवसापासून द्या. घरात हातावर पोट असेल तर "तीन महिने शीक, मग कमाव" हे वाक्य चालत नाही. पंधराव्या दिवशी मुलगा बिगारी कामाला लागतो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. आम्ही महिन्याला ठरावीक रक्कम देतो, ती उपस्थितीनुसार. तिसऱ्या महिन्यापासून त्याने केलेल्या ग्राहकाच्या दुरुस्तीच्या मजुरीतला निम्मा वाटा त्याचा. शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि दुकानाची कमाई त्याच्या हातांवर चालवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. कमाई सुरू झाली की त्याला वाटा मिळालाच पाहिजे. सगळ्यांचा अपघात विमा काढा, तो फार महाग नसतो.

मुलींना घ्याच. "मुली कशा करणार" म्हणणारे मेस्त्री दोन आठवड्यांत गप्प होतात. ब्रेकची वायर, कोनचं सेटिंग, जिथे दम धरून थोडं-थोडं करायचं असतं तिथे त्यांचा हात लवकर बसतो, निदान आमच्याकडे तरी.

पायरी ६ : बारा आठवडे

नियम एकच. प्रत्येकाने एक सायकल घ्यायची आणि पूर्ण उघडण्यापासून विकण्यापर्यंत तीच करायची. एकाने फक्त पंक्चर, दुसऱ्याने फक्त चेन अशी विभागणी केली तर सायकली भराभर निघतात, पण शेवटी एकही मुलगा पूर्ण सायकल करू शकत नाही. पुढे टपरीवर तो एकटाच असणार आहे.

पहिले दोन आठवडे हवा आणि पंक्चर. याला कुणी हलकं समजू नये, पंक्चरवरच घर चालतं. आपल्या जुन्या सायकलींना आत रबरी नळी असलेला वॉल्व्ह असतो. टायर बसला की आधी वॉल्व्हवर थुंकी लावून बघायची. बुडबुडा आला तर दोन रुपयांची वॉल्व्ह-ट्यूब बदलायची, चाक उघडायचंच नाही. ट्यूब उघडली तर पाण्यात धरून भोक शोधायचं, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की पॅच. मुलं इथेच घाई करतात आणि पॅच संध्याकाळी सुटतो. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बाभळीचा काटा आतच राहिला तर तीच ट्यूब उद्या परत तुमच्याकडे, ग्राहकाच्या शिव्यांसकट.

तिसरा-चौथा आठवडा ओव्हरऑईलचा, म्हणजे सगळं सुटं करून, धुऊन, ग्रीस लावून परत बसवण्याचा. हब (चाकाचा मधला भाग), वाट्या, छर्रे (पोलादी गोळ्या), कोन. सुटं करताना छर्रे थाळीत मोजून ठेवायचे. पुढच्या हबला सहसा एका बाजूला १०, मागच्याला ९, आणि मागचे मोठे, पाव इंची. मोजले नाहीत तर बसवताना एक कमी पडतो आणि चाक महिन्याभरात खडखडतं. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे सांगून कळत नाही. जोर लावून आटे मारल्यावर कळतं, म्हणून आधीच सोपी खूण द्या. दोन्ही बाजूंना पाना वरून पुढच्या चाकाकडे ओढला की घट्ट, मागे ओढला की सैल. कॉटर पिन (क्रँक आसाला धरून ठेवणारी खीळ) काढताना नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर आणून ठेवायचा, क्रँकखाली पाइपचा आधार द्यायचा आणि लाकूड ठेवून एकच नेमका ठोका. हळू-हळू दहा ठोके मारले की पिन वाकते. धुवायला डिझेल वापरत असाल तर हातमोजे द्या आणि काळं डिझेल गटारात सोडू नका. डब्यात गाळ बसू द्या, वरचं परत वापरता येतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढणं, आणि इथे मी जरा थांबते, कारण मुलं टिकतात की जातात ते इथे ठरतं. सायकल उलटी उभी करायची, चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू धरायचा. जिथे खडू घासतो तिथे रिम त्या बाजूला गेली आहे. उजवीकडे गेली असेल तर त्या जागचे डाव्या बाजूचे स्पोक आवळायचे, उजवीकडचे ढिले करायचे, पाव आट्याहून जास्त नाही. ऐकायला सोपं आहे. गेल्या वर्षीच्या तुकडीतली एक मुलगी अर्धा तास निप्पल (स्पोकच्या टोकाचा नट) फिरवत होती आणि आऊट वाढतच चालला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या मेस्त्रीकाकांनी चावी हातात घेतली नाही. पाण्याची बाटली उचलली, तिला झाकण घट्ट करायला सांगितलं, मग बाटली उलटी धरून पुन्हा तेच करायला सांगितलं. झाकण तेच, पण हात उलट्या दिशेला वळला. ती दोन क्षण बाटलीकडे बघत राहिली. निप्पल रिमच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं, हबच्या बाजूने बघितलं तर तीच दिशा उलटी दिसते. ती इतका वेळ हबकडून बघत होती. पुढच्या वीस मिनिटांत खडू कुठेही घासेनासा झाला. दुकानात तेव्हा दोन ग्राहक उभे होते, एक निघून गेला. जाऊ दिला.

सातवा-आठवा आठवडा ब्रेक, चेन आणि थोडे गिअर. चेन मोजायला साधी स्टीलची पट्टी लागते. पिनेच्या मध्यापासून धरलं तर २४ दुव्यांचे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला, एक अष्टमांश झालं तर फ्रीव्हीलचे दातेही तपासा. ते झिजले असतील तर नवी चेन घसरते आणि ग्राहक म्हणतो, नवी टाकूनही तेच.

शेवटचे चार आठवडे काउंटर. ग्राहक सांगतो "आवाज येतोय", त्यातून रोग ओळखायचा. काम सुरू करण्याआधी खर्चाचा आकडा सांगायचा. बिल लिहायचं, क्यूआरवर पैसे आले का ते बघायचं, रविवार पेठेत जाऊन दोन दुकानांत भाव विचारून माल आणायचा. बऱ्याच मुलांना पान्यापेक्षा हे जड जातं. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून "ताई, हे टायर अजून सहा महिने जातील, आत्ता बदलू नका" म्हणणं. ज्या दिवशी मुलगा हे वाक्य स्वतःहून म्हणतो त्या दिवशी मी त्याच्या वहीत तारीख लिहून ठेवते.

लहान भावंडांसाठी शनिवार ठेवलाय. सिएटलच्या बाइक वर्क्स या संस्थेकडून ही कल्पना घेतली. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था मुलांना शिकत-शिकत, तास भरून स्वतःची सायकल कमवू देते. आमच्या १४ इंची सायकलींच्या ढिगाला त्याने वाट मिळाली.

पायरी ७ : विकण्याआधीची सही

सायकल ज्याने केली त्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने तपासायची आणि कार्डावर दोघांच्या सह्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचं चाक उचललं पाहिजे. मागचा दाबून ओढली तर चाक घसटलं पाहिजे. दोन्ही ब्रेक नसलेली सायकल आमच्या दारातून बाहेर पडत नाही, ग्राहकाने "पुढचा नको, स्वस्तात द्या" म्हटलं तरी. पुढचं चाक पायांत धरून हँडल फिरवून बघायचं. सरकलं तर परत बाकावर. मग पर्वतीच्या उतारावरून एक फेरी. हँडलला घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर. विकलेल्या सायकलीला एक महिन्याची फुकट दुरुस्ती द्या. परत आलेली सायकल ज्याने केली त्याच्याकडेच जाते, त्यातून जितकं शिकतात तितकं मी सांगून शिकत नाहीत.

पायरी ८ : पैशांचा खरा हिशोब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. एका सायकलीला दोन टायर ६००, दोन ट्यूब २५०, चेन १८०, ब्रेकचं सामान १२०, छर्रे-ग्रीस ६०, सीट आणि रंग २५०, म्हणजे १,४६० रुपये. विक्री २,८००. हातात १,३४०. सहा मुलं आणि एक मेस्त्री मिळून महिन्याला २४ सायकली झाल्या तर ३२,१६० रुपये, दुरुस्तीची मजुरी १२,०००. खर्च बघा : भाडं १५,०००, मेस्त्री २५,०००, सहा जणांचं विद्यावेतन ४,००० प्रमाणे २४,०००, वीज आणि किरकोळ ४,०००. एकूण ६८,०००. तूट २३,८४० रुपये.

ही तूट लपवू नका आणि तिची लाजही बाळगू नका. ती दुकानाची तूट नाही, ती शाळेची फी आहे. सहा मुलांत भागली तर महिन्याला माणशी सुमारे ४,०००, तीन महिन्यांना १२,०००. देणगीदाराकडे जाताना "आमचं वर्कशॉप चालवा" असं म्हणू नका. "एका मुलाला बारा आठवड्यांत मेस्त्री करायला बारा हजार लागतात, बाकीचं तो सायकली विकून स्वतः उभं करतो" असं सांगा. हिशोबाची वही उघडी ठेवा. माझ्या अनुभवात या एका वाक्याने आणि त्या वहीने जितके पैसे आले तितके कुठल्याही छापील पत्रकाने आले नाहीत.

विकताना भाव नव्या सायकलीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्याशी तुलना जास्त कडक झाली आहे. फुकट देऊ नका. गेटवरच्या काकांना आम्ही चार हप्त्यांत देतो. एकानेही बुडवलेलं नाही. फुकट मिळालेली सायकल मात्र पुन्हा पार्किंगमध्ये गेलेली मी पाहिली आहे.

तुमचं काम शहराबाहेर असेल तर दुरुस्तीकडे जास्त लक्ष द्या. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, पण पंक्चर काढणारा सात किलोमीटरवर असतो, आणि मुलगी पुन्हा चालायला लागते. मुख्याध्यापकांना भेटा, महिन्यातून एक दिवस शाळेच्या आवारात बाक मांडा. तुमच्या मुलांना काम मिळेल, आणि त्या मुलींतली एखादी पुढच्या तुकडीत येईल.

पायरी ९ : तेराव्या आठवड्यापासून

इथे बहुतेक संस्था हात झटकतात. प्रमाणपत्र, फोटो, टाळ्या आणि संपलं. आमच्याकडे मुलांचे तीन रस्ते दिसले. कुणी मोठ्या सायकल दुकानात कामाला लागतं, कुणी टू-व्हीलर गॅरेजमध्ये जातं कारण तिथे पगार जास्त असतो. त्याला जाऊ द्या, तेही यशच आहे. आणि कुणी स्वतःचं मांडतं. सोसायट्यांमध्ये घरी जाऊन सर्व्हिसिंग करणाऱ्याला सध्या सर्वांत जास्त मागणी आहे. एक सायकल, मागे पेटी, फोनवर वेळ ठरवायची, रविवारी सकाळी एका सोसायटीत आठ-दहा सायकली होतात. ज्या सोसायटीतून आपण जुन्या सायकली उचलल्या तिथेच त्याची पहिली ओळख करून द्या, सचिव तुम्हाला ओळखत असतात.

स्वतःचं मांडणाऱ्याला आम्ही हत्यारांची पेटी देतो, तिचे पैसे वर्षभरात थोडे-थोडे परत येतात. पहिले तीन महिने मेस्त्रीकाका आठवड्यातून एकदा त्याच्याकडे चक्कर मारतात. काय बघायचं तेही ठरलेलं आहे : पंपाचा वॉशर ओला आहे का, वॉल्व्ह-ट्यूब संपल्या का, उधारीची वही किती लांबली, आणि दुपारी तो जेवतो कधी. गेल्या महिन्यात त्या बाटलीवाल्या मुलीकडे काका गेले तेव्हा तिच्या बाकाशी शेजारचा एक मुलगा खडू धरून बसला होता आणि ती दोन्ही हात मागे घेऊन उभी होती.